प्रौढशिक्षणाचा अभ्यासक्रम : वर्ग ओस का पडतो?

(सेवाकार्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



वस्तीत प्रौढ साक्षरतेचा वर्ग सुरू होतो, त्या दिवशीचे दृश्य बहुतेक ठिकाणी सारखेच असते. सरस्वतीच्या प्रतिमेला हार घातला जातो, नारळ वाढवला जातो, नव्या कोऱ्या पाट्या आणि अंकलिप्या वाटल्या जातात. पंचवीस-तीस भगिनी सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या असतात. प्रमुख पाहुणे शिक्षणाचे महत्त्व सांगतात. टाळ्या होतात. दुसऱ्या आठवड्यात ही संख्या पंधरावर येते, महिना उलटता उलटता पाच-सहावर. आणि मग एक संध्याकाळ अशी येते, की शिकवणारी तरुण कार्यकर्ती एकटीच सतरंजी झटकून घडी घालते आणि कुलूप लावून घरी जाते. मासिक बैठकीतील वृत्तात एक ओळ लिहिली जाते, 'प्रतिसादाअभावी वर्ग स्थगित.'

या एका ओळीत दोष कोणाच्या पदरी टाकला गेला, याचा विचार क्वचितच होतो. 'प्रतिसादाअभावी' याचा सरळ अर्थ असा, की शिकवणाऱ्यांनी सर्व काही केले, शिकणाऱ्यांनाच इच्छा नव्हती. परंतु याच वस्तीतील याच भगिनी भिशीचा हप्ता कधी चुकवत नाहीत. सप्ताह लागला की सातही दिवस हरिपाठाला जातात. मुलांच्या शिकवणीचे शुल्क पोटाला चिमटा काढून भरतात. ज्या गोष्टीचा आयुष्याशी संबंध आहे तिथे त्या वेळेवर पोचतात. मग वर्गातच त्या का येत नाहीत? शिकण्याची इच्छा नाही म्हणून, की तिथे जे शिकवले जाते त्याचा त्यांच्या आयुष्याशी संबंध नाही म्हणून? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर शोधू गेल्यास विचार थेट अभ्यासक्रमापाशी येऊन थांबतो.

परंपरा लोकशिक्षणाची

प्रौढांनी शिकणे ही या भूमीला नवी गोष्ट नाही. शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, ती संस्कृत न जाणणाऱ्या प्रौढ श्रोत्यांसाठीच. वारकरी कीर्तनाने दिवसभर राबलेल्या माणसाला रात्री शहाणे केले. त्याला अक्षर येत नसेल, पण तो बहुश्रुत होता. पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये श्रमिकांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा कष्ट करणाऱ्याने दिवसाच्या शाळेत यावे अशी अपेक्षा त्यांनी ठेवली नाही. शिकणाऱ्याच्या सवडीप्रमाणे शाळेची वेळ ठरवली.

रमाबाई रानडे विवाहानंतर, घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा विरोध सोसून, न्यायमूर्ती रानडे यांच्याजवळ लिहायला-वाचायला शिकल्या. पुढे १९०९ मध्ये पुण्याच्या सेवासदनाची उभारणी झाली, तेव्हा या अनुभवाचे मोल कळले. मोठ्या वयात शिकणाऱ्या स्त्रीची अडचण काय असते, हे तेथे पुस्तकातून कळलेले नव्हते. म्हणूनच अक्षरओळखीपाशी न थांबता शिक्षिका, परिचारिका होण्यापर्यंतची वाट सेवासदनाने स्त्रियांना खुली करून दिली. विनोबांच्या मातोश्री रुक्मिणीबाईंना संस्कृत गीता समजत नव्हती. समजेल अशी मराठी गीता त्यांना हवी होती. मातोश्री १९१८ मध्ये निवर्तल्या, परंतु त्यांची ती मागणी विनोबांच्या मनात राहिली आणि १९३०-३१ मध्ये गीताई लिहिली गेली. एका शिकणाऱ्या आईच्या गरजेतून जन्मलेला हा पाठ आज घरोघरी आहे.

या साऱ्या उदाहरणांतील समान सूत्र एकच. आधी शिकणारा पाहिला गेला आणि मग काय शिकवायचे हे ठरले. स्थगित झालेल्या वर्गांत नेमका हा क्रम उलटलेला असतो. तिथे अंकलिपी आधी येते, माणसे नंतर.

अभ्यासक्रम म्हणजे काय?

पाठ्यपुस्तक म्हणजे अभ्यासक्रम, असा एक सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः पाठ्यपुस्तक हे अभ्यासक्रमाचे केवळ एक साधन. राल्फ टायलर या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९४९ मध्ये अभ्यासक्रमाच्या रचनेसाठी चार साधे प्रश्न मांडले. शिक्षणातून साधायचे काय? त्यासाठी शिकणाऱ्याला कोणते अनुभव द्यायचे? त्या अनुभवांचा क्रम कसा लावायचा? आणि हेतू साधला की नाही हे ओळखायचे कसे? शाळेत या चार प्रश्नांची उत्तरे शासन, मंडळ आणि तज्ज्ञ आधीच देऊन ठेवतात. प्रौढांच्या वर्गात ती उत्तरे तयार मिळत नाहीत. ती त्या-त्या वस्तीत, त्या-त्या माणसांबरोबर बसून शोधावी लागतात.

याचे कारण प्रौढाच्या स्वभावातच आहे. मूल उद्यासाठी शिकते, प्रौढाला आजचा प्रश्न सोडवायचा असतो. मुलाची पाटी कोरी असते. प्रौढाजवळ मात्र संसार, शेती, कारागिरी, देणे-घेणे यांचे मोठे संचित असते. मुलाला शाळेत पाठवले जाते, प्रौढ स्वतःच्या पायांनी येतो आणि मन उडाले की त्याच पायांनी निघून जातो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रौढाला मान असतो. दहा घरची धुणी-भांडी करून मुलांना मोठे करणाऱ्या पन्नाशीच्या बाईंसमोर पहिलीच्या मुलाचे ससा-कासवाचे चित्र ठेवून 'हे काय आहे, सांगा बरं?' असे विचारणे हा त्यांच्या वयाचा अवमान आहे. त्या काही बोलत नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी येत नाहीत.

देशाचा अनुभव काय सांगतो?

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या, १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता अवघी १८.३ टक्के होती. त्यानंतर झालेले प्रयत्न लहान नाहीत, आणि प्रत्येक प्रयत्नात अभ्यासक्रमाविषयी एकेक धडा दडलेला आहे.

१९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर पसरली. तिचे वैशिष्ट्य असे, की साक्षर होण्याचा संकल्प एकेकट्या व्यक्तीचा नव्हता, साऱ्या गावाचा होता. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. उत्साह उदंड होता. परंतु समारंभानंतर वाचायला काही हाती राहिले नाही, तिथे नवसाक्षर पुन्हा अक्षरे विसरले. पेरणी झाली, पण पाण्याची पाळी चुकली. अक्षरओळखीनंतरचे वाचन हे अभ्यासक्रमाचे परिशिष्ट नसून त्याचा मुख्य भाग आहे, हा साताऱ्याचा धडा.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी, जनता पक्षाच्या राजवटीत, राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. १५ ते ३५ वयोगटातील सुमारे १० कोटी निरक्षरांपर्यंत पाच वर्षांत पोचण्याचे उद्दिष्ट होते. साक्षरतेच्या जोडीला व्यवसायातील कार्यक्षमता आणि सामाजिक जाणीव ही दोन अंगे त्यात प्रथमच ठळकपणे आली. केवळ 'क ख ग' आल्याने माणूस शिकला असे होत नाही, हे शासनाच्या पातळीवर मान्य झाले.

१९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन स्थापन झाले आणि अभ्यासक्रमाला मोजमाप आले. सुमारे २०० तासांत, चढत्या क्रमाच्या तीन वाचनपुस्तिकांच्या साहाय्याने साक्षरता साधायची आणि चाचण्या पुस्तिकेतच अंतर्भूत ठेवायच्या, अशी रचना झाली. मिनिटाला ३० शब्द मोठ्याने वाचता येणे, ५ शब्द श्रुतलेखनाने लिहिता येणे, १०० पर्यंतचे अंक लिहिता-वाचता येणे, असे निकष ठरले. एखादा साक्षर झाला की नाही, हे सांगण्यासाठी वर्ग चालवणाऱ्याच्या सदिच्छेवर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही.

केरळमधील एर्नाकुलम जिल्हा ४ फेब्रुवारी १९९० रोजी देशातील पहिला पूर्ण साक्षर जिल्हा म्हणून घोषित झाला. त्या मोहिमेतील एक गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावी अशी आहे. वर्गातील अनेक वयस्क मंडळींना अक्षरे येत नव्हती याचे एक कारण असे होते, की त्यांना ती दिसतच नव्हती. तेव्हा नेत्रतपासणी झाली, लोकांकडून चष्मे गोळा केले गेले आणि ते शिकणाऱ्यांच्या डोळ्यांवर चढले. चाळिशीनंतर जवळचे धूसर दिसू लागते, हे सर्वांना ठाऊक असते. पण प्रौढांच्या अभ्यासक्रमात 'पहिला पाठ : चष्मा' असे कोणी लिहीत नाही. त्या मोहिमेच्या संघटकांच्या विचारधारेशी कोणाचे कितीही मतभेद असोत, हा शहाणपणा घेण्यासारखाच आहे.

आणि आजचे चित्र? २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची साक्षरता ८२.३ टक्के होती. परंतु महिलांची ७५.९ टक्केच, आणि नंदुरबारसारख्या वनवासीबहुल जिल्ह्याची साक्षरता ६४.४ टक्क्यांवर थांबलेली होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रौढशिक्षण आणि आजीवन अध्ययनाला स्वतंत्र प्रकरण दिले आणि अभ्यासक्रमाची पाच अंगे सांगितली : पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान, जीवनकौशल्ये, व्यवसायकौशल्ये, मूलभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण. त्यानुसार २०२२ ते २०२७ या कालावधीसाठी, स्वयंसेवकांच्या बळावर चालणारा आणि पुढे 'उल्लास' या नावाने ओळखला गेलेला नवभारत साक्षरता कार्यक्रम आखला गेला. शेजारच्या गोव्याने मे २०२५ मध्ये याच कार्यक्रमांतर्गत पूर्ण साक्षर राज्य म्हणून घोषणा केली. शासनाची चौकट अशी उपलब्ध आहे. चौकटीत प्राण मात्र वस्तीतला कार्यकर्ताच भरू शकतो.

पहिला पाठ वर्गाबाहेर

अभ्यासक्रमाची रचना सर्वेक्षणापासून सुरू होते. पण सर्वेक्षणातील प्रश्न कोणता? 'तुम्हाला लिहिता-वाचता येते का?' या प्रश्नाने समोरची व्यक्ती खजील होते आणि कार्यकर्त्याला 'नाही' या एका शब्दाखेरीज काही मिळत नाही. त्याऐवजी ओट्यावर बसून, चहा घेता घेता विचारावे, 'मावशी, गेल्या महिन्यात कोणकोणत्या कामासाठी दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागलं?' मग यादीच उलगडते. बसची पाटी. रेशन दुकानातील पावतीवरचे आकडे. बँकेत पैसे काढायची स्लिप. औषधाच्या गोळ्या सकाळच्या कोणत्या आणि रात्रीच्या कोणत्या. मुलाच्या शाळेतून आलेली सूचना. बचत गटाच्या वहीत स्वतःच्या नावापुढे लिहिलेली रक्कम. मोबाईलवर आलेला ओटीपी, जो विश्वासाने दुसऱ्याला वाचून दाखवावा लागतो आणि त्यातूनच फसवणूक होते. आणि एखादी आजी हळूच म्हणते, 'मला पोथी वाचायची आहे रे बाबा, डोळे मिटायच्या आत.'

ठाणे जिल्ह्यातील फांगणे या गावी ८ मार्च २०१६ रोजी सुरू झालेली 'आजीबाईंची शाळा' अशाच इच्छेतून उभी राहिली. साठी ओलांडलेल्या आजी गुलाबी नऊवारी नेसून, खांद्याला दप्तर लावून शाळेत येऊ लागल्या. त्यांना नोकरी मिळवायची नव्हती. पोथी स्वतःच्या डोळ्यांनी वाचायची होती, अंगठ्याऐवजी सही करायची होती. हेतू त्यांचा होता, म्हणून त्या आल्या.

ही यादी हाच अभ्यासक्रमाचा कच्चा आराखडा. दहा घरांच्या याद्या शेजारी-शेजारी ठेवल्या, की कोणती गरज आठ घरांत आहे आणि कोणती दोन घरांत, हे दिसते. त्यातून उद्दिष्टे लिहावीत आणि ती कृतीच्या भाषेत लिहावीत. 'वाचनाची गोडी निर्माण करणे' हे उद्दिष्ट सभेत सांगायला छान, पण ते साधले की नाही हे कोणीच सांगू शकत नाही. 'आठव्या आठवड्याच्या अखेरीस प्रत्येक भगिनी पैसे काढण्याची स्लिप कोणाच्याही मदतीशिवाय भरेल' हे उद्दिष्ट पाहता येते, मोजता येते आणि त्या भगिनीला अभिमानाने घरी सांगता येते.

गमभन आणि हिशेब

मग अक्षरांचा क्रम. वर्णमालेचा क्रम उच्चारशास्त्राच्या दृष्टीने अप्रतिम आहे, परंतु हाताला अक्षर वळवण्याच्या दृष्टीने तो सोपा असेलच असे नाही. मराठीत 'गमभन' हा शब्दच रूढ झाला, तो ग, म, भ, न ही एकमेकांच्या वळणाची अक्षरे एकत्र शिकवण्याच्या पद्धतीतून. या चार अक्षरांना एक काना जोडला, की नाम, मान, भाग, मामा, नाना असे अर्थपूर्ण शब्द पहिल्याच आठवड्यात वाचता येतात. ज्या आजींच्या ओठी आयुष्यभर 'नाम' आहे, त्यांना तो शब्द कागदावर ओळखता आला, तर त्यांना वेगळी प्रेरणा देण्याची आवश्यकता उरत नाही. र, स, ख या एका वळणाच्या अक्षरांतून 'साखर' तयार होते. रेशनच्या पावतीवरचा एक शब्द वाचता येतो. व, ब, क यांच्या गटातला 'ब' आणि आधी शिकलेला 'स' जोडला, की 'बस' वाचता येते. शब्द शिकणाऱ्याच्या घरातले असावेत आणि अक्षरे त्या शब्दांच्या मागून यावीत.

केवळ सही शिकवून थांबण्याचा मोह टाळावा. सही हा प्रारंभ म्हणून उत्तम. पण अक्षर न कळता केलेली सही म्हणजे स्वतःच्या नावाचे पाठ केलेले चित्र. ते चित्र काढता आले, म्हणून कागदावर काय लिहिले आहे हे कळत नाही. उलट अंगठा उमटवताना जो सावधपणा असतो, तोही सही करताना राहत नाही. कोणत्या कागदावर सही होते आहे हे वाचता येईपर्यंत अभ्यासक्रम पूर्ण झाला असे समजू नये.

हिशेबाच्या बाबतीत तर शिकवणाऱ्यानेच आधी शिकावे. भाजी विकणाऱ्या बाई सव्वा किलो वांगी, अर्धा किलो टोमॅटो आणि कोथिंबिरीची जुडी यांची बेरीज तोंडी करून सुटे पैसे हातावर ठेवतात, तेव्हा पदवीधर कार्यकर्ता खिशातला मोबाईल काढत असतो. पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अडीचकी हे पाढे जुन्या पिढीने तोंडी जपले. या माणसांना गणित येते. येत नाही ते कागदावरचे चिन्ह. तेव्हा 'एक अधिक एक'पासून प्रारंभ न करता त्यांनी तोंडी केलेला हिशेब कागदावर कसा उतरतो, एवढेच दाखवावे. आणखी एक बारकावा असा, की मराठी अंकलिपीत देवनागरी अंक असतात, तर मोबाईलवर, बँकेच्या स्लिपवर आणि अनेक बसगाड्यांवर आंतरराष्ट्रीय अंक. शिकणाऱ्याला दोन्ही ओळखता आले पाहिजेत. नाहीतर वर्गात शंभर गुण मिळवणारी भगिनी बसथांब्यावर पुन्हा निरक्षर ठरते.

वेळापत्रक पंचांगाशी जुळावे

मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांचे उदाहरण घ्यावे. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांच्या दिशेने निघतात आणि उन्हाळ्यात परततात. आठवड्यातून पाच दिवस, रोज दीड तास वर्ग घेतला तर आठवड्याला साडेसात तास होतात. २०० तासांच्या अभ्यासक्रमाला जवळजवळ सत्तावीस आठवडे लागतात. जूनच्या प्रारंभापासून दसऱ्यापर्यंत हाती असतात अठरा-एकोणीस आठवडे, म्हणजे सुमारे १३५ ते १४० तास. त्यातही पेरणी, खुरपणी आणि आषाढीची वारी. याचा अर्थ २०० तासांचा सलग अभ्यासक्रम या गावात पूर्ण होणारच नाही, हे प्रारंभीच्या दिवशीच गणिताने सिद्ध आहे. मग 'प्रतिसादाअभावी' असे म्हणायचे कोणत्या तोंडाने?

उपाय असा, की अभ्यासक्रमाचे तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकडा आपल्या जागी पूर्ण असावा. पहिल्या चाळीस तासांत नाव, पाटी, आकडे, मोबाईलवरील क्रमांक. पुढच्या चाळीस तासांत मुकादमाशी झालेला उचलीचा हिशेब आणि बँकेची स्लिप. ज्याला तेवढेच जमले, तोही काहीतरी हाती घेऊन फडावर जाईल आणि परत आल्यावर पुढचा तुकडा उचलेल. शहरातील वस्तीत घरकाम करणाऱ्या भगिनींची सवड दुपारची असते. संध्याकाळी सातला, स्वयंपाकाच्या आणि पाण्याच्या वेळी वर्ग ठेवणे म्हणजे त्यांनी येऊ नये अशी व्यवस्था करणे होय.

अक्षरानंतर पुढे काय?

साक्षरता हा उंबरठा आहे, घर त्याच्या पलीकडे आहे. १९६७ मध्ये मुंबईत वरळी येथे देशातील पहिले श्रमिक विद्यापीठ सुरू झाले, ते कामगाराला त्याच्या कामाबरोबरच शिकवण्यासाठी. २००० मध्ये या संस्थांना जन शिक्षण संस्थान हे नाव मिळाले आणि २०१८ पासून त्या कौशल्यविकास मंत्रालयाच्या कक्षेत आल्या. या क्षेत्रातही अभ्यासक्रमाचा प्रश्न तोच. समजा, वस्तीत शिवणवर्ग काढायचा आहे. अभ्यासक्रमात झबल्यापासून प्रारंभ असतो, कारण पुस्तकात तसे लिहिले आहे. पण आजूबाजूच्या सोसायट्यांतून मागणी असते साडीला फॉल-बिडिंग, ब्लाउज सैल-घट्ट करणे आणि चेन बदलणे यांची. ही कामे आधी शिकवली, तर दुसऱ्या महिन्यातच चार पैसे हाती येतात आणि ती भगिनी टिकते. शिवाय मापाची टेप वाचणे, गिऱ्हाईकाचे नाव आणि माप वहीत लिहिणे, दराचे पत्रक लावणे यांतून साक्षरता वेगळा वर्ग न घेताच पक्की होते. ज्यांना त्यापुढे जायचे आहे त्यांच्यासाठी रात्रशाळा आहेत, मुक्त शाळा आहेत, १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. कार्यकर्त्याचे काम त्या दारापर्यंत सोबत करण्याचे.

वर्ग हे व्यासपीठ नव्हे

येथे एक नाजूक, पण आवश्यक मुद्दा. ब्राझीलचे पाउलो फ्रेरे यांनी १९६३ मध्ये अंजिकोस या गावी सुमारे ३०० मजुरांना चाळीस तासांत वाचायला शिकवले, ते त्यांच्याच जीवनातील शब्द वेचून. त्यांच्या वर्गसंघर्षाच्या मांडणीशी एकात्म मानवदर्शन मानणारा माणूस सहमत होणार नाही. परंतु त्यांच्या पद्धतीतील सामर्थ्य आणि तिच्यातील धोका, दोन्ही अभ्यासण्यासारखे आहेत. शिकणाऱ्याच्या शब्दांतून प्रारंभ केल्यास माणूस विलक्षण वेगाने शिकतो, हे तिचे सामर्थ्य. शिकणाऱ्याचे शब्द वेचण्याच्या नावाखाली शिकवणाऱ्याने स्वतःच्याच घोषणा त्याच्या तोंडी घालणे, हा धोका. हा धोका डाव्या चळवळींपुरता मर्यादित नाही. ध्येयवादी संघटनेच्या प्रत्येक कार्यकर्त्याला तो आहे, कारण त्याच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते आणि समोर ऐकणारे बसलेले असतात.

राष्ट्रभक्तीचा, समरसतेचा संस्कार वर्गात व्हावा, यात शंका नाही. पण तो होतो कसा? सर्व जातींच्या भगिनी एका सतरंजीवर बसतात, एकमेकींच्या वह्या तपासतात, एकाच पेल्याने माठातले पाणी पितात, तेव्हा तो होतो. तरुण कार्यकर्ती हजेरी घेताना नुसते नाव न पुकारता 'काकू', 'आजी' म्हणते, तेव्हा होतो. तासातील अर्धा वेळ बौद्धिकात गेला, तर अक्षरही राहते आणि संस्कारही. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी अंत्योदयाचा विचार मांडला, त्याची शैक्षणिक कसोटी हीच आहे : शेवटच्या रांगेतील माणसाला त्याच्या पायांवर उभे करणारे काही मिळाले का?

कसोटी कोणाची?

'उल्लास' कार्यक्रमात वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांची प्रत्येकी ५० अशी एकूण १५० गुणांची चाचणी असते. तिची तयारी अवश्य करून घ्यावी. प्रमाणपत्राचा आनंद प्रौढालाही होतो. परंतु वर्गाची खरी चाचणी परीक्षेच्या दिवसानंतर सहा महिन्यांनी घ्यावी. बचत गटाची वही आता कोण लिहिते? औषधाची चिठ्ठी घेऊन शेजारी जाणे थांबले का? ओटीपी विचारणाऱ्या फोनला 'नाही' असे ठामपणे सांगता आले का? मुलाच्या प्रगतिपुस्तकावर आईने सही करण्यापूर्वी ते वाचले का? या प्रश्नांची उत्तरे 'हो' अशी असतील तर अभ्यासक्रम उत्तीर्ण. 'नाही' असतील तर अनुत्तीर्ण झाला तो अभ्यासक्रम, शिकणारी भगिनी नव्हे.

आणि अभ्यासक्रम अनुत्तीर्ण होण्यात लाज नाही. दुरुस्त न करण्यात आहे. वर्गातील संख्या रोडावली, की पुढच्या बैठकीत 'प्रतिसाद नाही' असे लिहिण्यापूर्वी कार्यकर्त्याने न आलेल्या प्रत्येकीच्या घरी एकदा जावे. उपदेशासाठी जाऊ नये, विचारण्यासाठी जावे. वेळ चुकली, की शब्द चुकले? अक्षर दिसत नव्हते, की कोणी हसले? उत्तर मिळेल ते वहीत लिहावे आणि दुसऱ्या दिवशीचा पाठ त्याप्रमाणे बदलावा. प्रौढशिक्षणाचा उत्तम अभ्यासक्रम छापखान्यातून एकदाच बाहेर पडत नाही. तो दर आठवड्याला वस्तीच्या ओट्यावर नव्याने लिहिला जातो.

त्या बंद खोलीचे कुलूप काढायचे असेल, तर किल्ली कार्यालयाच्या कपाटात सापडणार नाही. ती त्या भगिनींच्याच हाती आहे. त्यांच्या दाराशी जाऊन ती नम्रपणे मागावी लागेल, एवढेच.